चौदा जूनची ओळ

त्र्यंबक खांबेटे यांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पंपांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे, आणि केसभर जरी खोट दिसली तरी परत फिरायचे. निवृत्तीनंतर ते डोंबिवलीच्या घरी असत. घरात ते आणि सुमतीबाई, दोघंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा स्वानंद २०१९ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डेंग्यूने गेला. चोवीस वर्षांचा होता. पाच दिवस ताप, त्यातले दोन आयसीयूत, आणि संपलं.

या जानेवारीत स्वानंदचा मित्र मुकुल भेटायला आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "काका, स्वानंद इंटरनेटवर जिथे खेळायचा ना, त्या साइटवर त्याचे बुद्धिबळाचे सगळे डाव अजून आहेत, माहितीये? साडेतीन हजार. मी परवा एक बघत बसलेलो. कोणाशी काय बोलला तेपण असेल, पण ते त्याच्याच अकाउंटमधून दिसेल. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड सेव्ह असेल बघा."

सुमतीबाईंनी पटकन नवऱ्याकडे पाहिलं. बुद्धिबळ हा शब्द त्या घरात सहा वर्षांत कुणी काढला नव्हता.

खरं तर स्वानंदला सोंगट्या हातात दिल्या त्या त्र्यंबकरावांनीच. सातव्या वर्षी पोरगा वडिलांना हरवायला लागला तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते. पण पुढे तो सीएच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाला आणि तोच खेळ त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. "नोव्हेंबरच्या परीक्षेपर्यंत खेळणार नाहीस, शब्द दे," असं त्यांनी जूनमध्ये बजावलं. स्वानंदने शब्द दिला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते त्याच्या खोलीत शिरले, तेव्हा त्याने घाईघाईने स्क्रीनवरचं काहीतरी बंद केलं.

"खेळत होतास."

"नाही बाबा."

"मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"बाबा, मी खरंच जूनपासून एकही डाव..."

त्र्यंबकरावांनी पुढचं ऐकलं नाही. मॉनिटरची वायर काढून त्यांनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. स्वानंद अभ्यासाला लायब्ररीत जायला लागला. बापलेकांत त्यानंतर कामापुरतं बोलणं होत असे, जेवायला बस, दार लाव, एवढंच. मग ताप आला.

मुकुल गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी कपाटातून ती वायर काढली, मॉनिटरला जोडली आणि कॉम्प्युटर सुरू केला. कुरकुरत का होईना, सुरू झाला. मुकुलने लिहून दिलेला पत्ता त्यांनी एका बोटाने टाइप केला. पांढऱ्या पानावर उत्तर आलं, की या साइटपर्यंत पोचता येत नाही.

त्यांनी स्पेलिंग तपासलं, बरोबर होतं. वर्तमानपत्राची साइट उघडली, पेन्शनची उघडली, हवामानाचीही उघडली. तेवढी ही एकच उघडेना. त्यांनी वायफायचा डबा बंद करून पुन्हा सुरू केला. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं. इंटरनेटवाल्याला बोलावलं, तो "लाइन एकदम ओके आहे, आजोबा" म्हणून निघून गेला. शेवटी सुमतीबाईंच्या मोबाइलवर, घरातल्याच वायफायवरून प्रयत्न केला, तर साइट क्षणात उघडली. म्हणजे दोष साइटमध्ये नव्हता, इंटरनेटमध्येही नव्हता. दोष या एका यंत्रात होता. तीन दिवस ते त्याच्यामागे लागले होते.

चौथ्या दिवशी सुमतीबाईंनीच मानपाडा रोडवरच्या वैशाली गांगुर्डेला फोन केला. वैशाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची, पस्तिशीची, बोलायला मोकळी. आल्या आल्या तिने विचारलं, "काय काय करून बघितलंत, काका?" त्र्यंबकरावांनी क्रमवार सांगितलं. ती हसली. "माझं अर्धं काम तुम्हीच केलंत."

तिने ब्राउझरमधला जुना साठा पुसला. अँटिव्हायरस थांबवून पाहिला. आणखी दोनतीन गोष्टी केल्या. पान तसंच पांढरं. मग कॉम्प्युटरच्या आतल्या कुठल्याशा फोल्डरमधून तिने एक छोटी फाइल उघडली.

"सापडलं," ती म्हणाली. "काका, बिघाड नाहीये हा. हे कोणीतरी मुद्दाम केलंय."

"म्हणजे?"

"साइटचं नाव टाकलं ना, की तिचा नंबर काय हे कॉम्प्युटर बाहेर विचारतो. पण त्याच्याआधी तो घरातली ही यादी बघतो. यादीत या साइटच्या नावापुढे ह्याच कॉम्प्युटरचा नंबर लिहिलाय. म्हणून तो बाहेर जातच नाही, स्वतःचंच दार वाजवत बसतो. पोरं करतात असं, परीक्षेच्या वेळी, स्वतःला आवरायला. वर काहीतरी लिहिलंय पण. इंग्लिश अक्षरं आहेत, भाषा मराठी." तिने वाचलं, "नोव्हेंबरपर्यंत बंद. बाबांना शब्द दिलाय."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही फाइल कधीची आहे, ते कळतं?"

"हो, इथे आहे ना. चौदा जून, दोन हजार एकोणीस."

"नंतर कुणी बदलली असेल? मधेच काढून पुन्हा घातली असेल?"

"तसं केलं असतं तर तारीख नंतरची दिसली असती," वैशाली म्हणाली. मग तिचं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडेही गेलं. तिचा आवाज खाली आला. "काका, ही ओळ काढली की साइट उघडेल. काढू?"

"नको," ते एकदम म्हणाले. "ती त्याने लिहिलीये."

"मग काढत नाही. ओळीच्या आधी एक खूण टाकते. ओळ तिथेच राहील, फक्त कॉम्प्युटर ती वाचणार नाही. चालेल?"

त्यांनी मान हलवली.

साइट उघडली. नाव, पासवर्ड आपोआप भरले गेले. डावांची लांबच लांब यादी आली, आणि सगळ्यात वरच्या डावावर तारीख होती तेरा जून. त्यानंतर काहीच नव्हतं. खाली एका खेळाडूला लिहिलेला निरोप होता, की आता परीक्षेनंतर भेटू. त्या खेळाडूने डिसेंबरात विचारलं होतं, परीक्षा कशी गेली? मग मार्चमध्ये, बरा आहेस ना? मग त्यानेही विचारणं सोडलं होतं.

वैशालीने पिशवी उचलली. "काही लागलं तर फोन करा," एवढंच म्हणून ती निघाली.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी स्वानंदने घाईघाईने काय बंद केलं होतं, ते कळायला आता मार्ग नव्हता. गाणं असेल, एखाद्या मुलीचं पत्र असेल. बुद्धिबळ मात्र नव्हतं. असूच शकत नव्हतं.

सुमतीबाई स्वयंपाकघरात खाली बसून ताटलीत भाजी निवडत होत्या. त्र्यंबकराव दारात येऊन उभे राहिले.

"तो खरं बोलत होता," ते म्हणाले.

"माहितीये मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तेव्हाही सांगितलं, हॉस्पिटलातही सांगितलं." सुमतीबाईंचे हात थांबले नाहीत. "तुम्ही म्हणालात, बरा होऊन घरी येऊ दे, मग बघू."

त्र्यंबकराव तिथेच खाली, फरशीवर बसले. गुडघ्यांमुळे ते कित्येक वर्षांत असे खाली बसले नव्हते. सुमतीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ताटली थोडी बाजूला सरकवली, म्हणजे त्यांना पाय पसरायला जागा झाली.