पाठीवरचं नाव

दवाखाना बंद करून चार वर्षं झाल्यावर, एक्काहत्तराव्या वर्षी, वडील पुन्हा कामाला लागले. साथीची दुसरी लाट होती. काष्टीच्या एका मंगल कार्यालयात कोविड सेंटर उघडलं होतं आणि डॉक्टर कमी पडत होते. मी सावेडीच्या घरी त्यांना अडवून पाहिलं.

"तिथल्या म्हाताऱ्यांना म्हाताराच डॉक्टर लागतो," ते म्हणाले. "तुम्हा पोरांचं ऐकतंय कोण?"

पांढऱ्या किटमध्ये सगळे सारखेच दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायची पद्धत होती. माझं अक्षर बरं. त्यांनी दहा किटवर एकदमच लिहून घेतलं. त्यातली सहा वापरली. मग तेच आजारी पडले आणि नगरच्या रुग्णालयात अकराव्या दिवशी वारले. चेहरा आम्हाला पाहायला मिळाला नाही.

तेरावं झाल्यावर मी त्यांची बॅग आणायला काष्टीला गेले. भर दुपार होती. आत सोडत नव्हते, म्हणून उघड्या खिडकीशी थांबले. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. खाटांच्या रांगेतून वडील चालत गेले. पाठीवर माझं अक्षर होतं. एका खाटेशी वाकले, मनगट धरलं, पुढे सरकले. मी हाक मारली नाही. मारली तर ते वळतील, याची भीती वाटली.

नर्स बॅग घेऊन बाहेर आली. माझी नजर कुठे आहे ते तिला कळलं. तिने आवाज खाली आणला.

"किट संपली होती, ताई. सरांची उरलेली नवे डॉक्टर धुऊन धुऊन घालतात. नाव खोडणार होतो, पण ह्या खिडकीजवळच्या आजी ते नाव बघितल्याशिवाय ऑक्सिजनचा मास्क लावू देत नाहीत. दोनदा काढून फेकला. सर गेल्याचं त्यांना सांगितलेलं नाही." तिने बॅग माझ्या हातात दिली. "तुम्ही म्हणाल तर खोडते."

तेवढ्यात आजींनी मास्क खाली ओढला. "डाक्टरची लेक ना गं तू? डोळं बापाचंच हायेत. घरी जेवतो का न्हाई त्यो? आदी लई बडबडायचा. आता येतो, हात धरतो, जातो. बोलत न्हाई."

मी नर्सकडे पाहून मान हलवली. नको.

"जेवतात," मी आजींना म्हणाले. "मास्क लावा. नाहीतर रागावतील."

"त्याच्या रागाला कोन भितंय," म्हणत त्यांनी मास्क वर घेतला.

टोकाच्या खाटेशी ते पाठमोरे उभे होते. ते वळायच्या आत मी खिडकीपासून बाजूला झाले.