बोनेट दाराकडे

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एक मी आणि दुसरी अंगणातली मोटार. दोघींचे सांधे कुरकुरतात, दोघी सकाळी लवकर सुरू होत नाहीत. पण आमचे हे चौकशी करतात ती मोटारीची. माझा गुडघा सुजला तर म्हणतात, "चाल जरा, मोकळा होईल." मोटार नुसती खोकली तर अर्धं आटगाव गोळा करतात!

मोटार पेट्रोलवरची, गोल दिव्यांची, आता कुठे रस्त्यावर दिसत नाही अशी. यांनी ती हौसेनं घेतली, हौसेनं पुसली आणि इतक्या वर्षांत मला तिच्यातून एकदाही माहेरी नेलं नाही. माझं माहेर वैशाखऱ्याचं. "घाटाकडचा रस्ता हाय गो, तिला झेपायचा नाय." (मला झेपतो. मी टमटमनं जाते.) मागच्या खेपेला टमटममधून उतरले तर भावजयीनं दारातूनच हाक मारली, "वन्स, गाडी काय पूजेला ठेवलीय?" आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

तेव्हाच ठरवलं. भावाच्या नातवाच्या बारशाला मी मोटारीतूनच उतरणार, आणि तेही भावजयीच्या नाकासमोर. बारशाचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात मोटार गळायला लागली!

सकाळी झाडायला गेले तर मोटारीखाली ओलं. वास असा, की चहालाही पेट्रोलची चव. हे वाकले, हुंगले आणि मला म्हणाले, "काय सांडलंस गो?"

"मी काय पेट्रोलनं चूल सारवते?"

मग माझे दीर आले. कसाऱ्याला रेल्वेत होते, त्यामुळे इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत. (रेल्वेत ते तिकिटं तपासायचे.) त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, नाक पुसलं आणि निकाल दिला, "वहिनी, पाइप फुटलाय." पाइप बदलला. सकाळी पुन्हा ओलं. "मग टाकीला भोक." टाकी तपासली, ठणठणीत. शेवटी म्हणाले, "रातचं कोणीतरी पेट्रोल चोरताना सांडतो." यांनी अंगणात खाट टाकली. चोर आला नाही, डास आले. सकाळी पुन्हा ओलं!

मोटार शहापूरला मिस्त्रीकडे गेली. मीपण गेले, कारण बारसं माझ्या माहेरचं होतं. मिस्त्रीनं कारबोरेटर उघडून दाखवला. आत एक वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई वरचं भोक बंद करते. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या संडासाच्या टाकीत गोळा असतो तसंच की!" हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली.

मिस्त्रीनं वाटी धुतली, वॉशर बदलला, मोटार दिवसभर गॅरेजात उभी केली. थेंब नाही! घरी आणली. सकाळी ओलं. पुन्हा शहापूर, पुन्हा कोरडी. पुन्हा घर, पुन्हा ओली. हे मिस्त्रीला चोर म्हणाले, मिस्त्री यांना येडा म्हणाला. मला दोघांचंही पटलं.

बारसं जवळ आलं, तशी मी स्वतः कामाला लागले. संध्याकाळी कारबोरेटर फडक्यानं कोरडा केला आणि वरून तांदळाचं पीठ भुरभुरलं. जिथून गळेल तिथं पीठ भिजेल, साधी गोष्ट. सकाळी पाहते तर सगळ्याच पिठाचा लगदा! यांनी बोंब मारली, मिस्त्री फटफटी काढून घरी आला आणि बोनेट उघडून म्हणाला, "काकी, कारबोरेटरवर भाकऱ्या थापल्या काय?"

मग तो मागे सरकला. रस्त्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. आमचं अंगण रस्त्यापासून दारापर्यंत उतरतं आहे. मोटार तोंड खाली करून उभी.

"काका, टाकी मागं, वर. इंजिन खाली. सुई झिजलीय, रातभर पेट्रोल उतरतंय, तिनं किती थोपवायचं? माझ्याकडं सपाटीवर कशाला गळंल? अशी उलटी लावायला कोणी सांगितली?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मोटार घरात आली त्या दिवशी मीच सांगितलं होतं, लक्ष्मीचं तोंड घराकडे पाहिजे. दर दिवाळीला बोनेटला कुंकूही मीच लावते, दारात उभी राहून.

नवी सुई कल्याणवरून यायची होती. मिस्त्री म्हणाला, "तवर न्या, पण उभी करताना तोंड वर ठेवा. इसरू नका."

बारशाला निघालो. शहापूर गेलं, मुरबाड गेलं, मी काच खाली करून राणीसारखी बसले. वैशाखऱ्याला पोचलो आणि बघते तर भावाचं अंगणही उताराचंच! दारात भावजय, मागे बायांची रांग. हे मोटारीचं तोंड वर रस्त्याकडे वळवायला लागले.

"अवो, पाठ करून कुठं उतरवता मला?"

"मिस्त्री काय बोलला?"

"मिस्त्री बारशाला आलाय काय? सरळ घ्या!"

घेतली सरळ. बोनेट दाराकडे, मी भावजयीसमोर. उतरले. पदर सारखा केला. भावजयीचं तोंड खरोखरच बंद झालं.

पाळणा म्हणून होतोय तोवर आचारी ओरडला, "पेट्रोल! पेट्रोल!" धार उतारानं सरळ चुलीकडे निघाली होती. त्यानं घागरी ओतून चूल विझवली, अर्ध्या पुऱ्या कच्च्या राहिल्या. बाळाला पाळण्यासकट परसात नेलं. यांनी फोनवर मिस्त्रीच्या शिव्या खात पेट्रोलचा रबरी पाइप दुमडला आणि पाळण्याच्या उरलेल्या दोरीनं बांधला. सुई येईपर्यंत मोटार हलवायची नाही, असं मिस्त्रीनं बजावलं. आणि मोटार हलणार नाही म्हटल्यावर हेही हलले नाहीत.

मी टमटमनं घरी आले.

मोटार आणि हे, दोघं माझ्या माहेरी सुई येईपर्यंत राहिले. माझ्या माहेरानं मला कधी एवढं ठेवून घेतलं नव्हतं. भावजयीचा फोन आला, "वन्स, दाजींची काळजी करू नका, पोटभर जेवतात. आन् गाडी तर भारीच गुणाची हो! तुमच्यासारखीच जुनी, तुमच्यासारखीच घाण करते, पण बोलत नाय."