देवघर नसलेल्या घरातली चांदी

“ह्यांच्या घरी देवघरच न्हाय, सर. मग देवाचं टाक आलं कुठनं?” जमादारांनी टेबलावर रुमाल उलगडत मला विचारलं.

रुमालात चांदीच्या चार चकत्या होत्या. समोरच्या बाकावर मिलिंद मान खाली घालून बसला होता. सोमवारी त्याला एसटीत कंडक्टर म्हणून हजर व्हायचं होतं. गुन्हा नोंदला गेला असता तर ती नोकरी गेलीच होती. म्हणून त्याचे वडील, आबा, सकाळीच बारामतीला येऊन मला इंदापूर तालुक्यातल्या या चौकीत घेऊन आले होते. गावाचं नाव लिहीत नाही.

मी बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि जुनी नाणी जमवतो. खरं तर लाखेवर त्यांचे ठसे जमवतो. नाणी विकत घेण्याइतका पगार नाही.

तक्रार तात्यांची होती. तात्या गावातले मोठे बागायतदार, जमादारांशेजारी खुर्चीत बसलेले. वडगाव निंबाळकरला चुलतभाऊ वारला, म्हणून ते आणि त्यांची आई आठ दिवस तिकडे होते. आई तिकडेच राहिली. तात्या परतले तर देवघरातले टाक गायब. टाक म्हणजे देवाची आकृती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. त्याच दिवशी त्यांच्या पुतण्याने मिलिंदला सराफाच्या दुकानात चांदी दाखवताना पाहिलं. झालं.

“न्हाणीघराचा पाया खांदताना गाडग्यात घावली,” मिलिंद म्हणाला. “हे काय हाय, एवढंच इचारायला गेलो हुतो.”

त्याच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच घरातले देव सोडले. आता देव नसणं हाच चोरीचा पुरावा झाला होता. माझ्या डोक्यात एक जळजळीत भाषण तयार झालं. ते गिळलं आणि खिशातून भिंग काढलं.

आधी वाटलं, ही मध्ययुगातली गधैया नाणी असतील. ती आपल्याकडे बरीच सापडतात. पण ती जाड, लहान असतात आणि त्यांवरच्या चेहऱ्याच्या नुसत्या रेघा उरलेल्या असतात. ही चांदी पातळ आणि रुंद होती. चेहरा स्वच्छ दिसत होता. डोक्यावर पंखांचा मुकुट, कडेला चंद्रकोर आणि चांदणी.

“खंडोबाच हाय की,” तात्या म्हणाले. “मिशा बघा, मुकुट बघा.”

“खंडोबा घोड्यावर असतो, तात्या. घोडा कुठाय?”

“झिजला असंल.”

“आणि ही दाढी?”

जमादार भिंगातून बघून हसले. “तात्या, तुमच्यासारखी देवानंबी सुतकात दाढी वाढवली का काय?”

मी चकती उलटी केली. मागे अग्नीची वेदी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभी माणसं. “हे इराणच्या सासानी राजांचं नाणं आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पेटती वेदी.”

“पिंड हाय ती,” तात्या म्हणाले. “आन् दोगं पुजारी.”

आता यावर वाद घालत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मी म्हणालो, “जमादारसाहेब, गावातला कुणाचाही एक टाक मागवा. टाकाचा पत्रा साच्यावर ठोकतात. पुढे आकृती उठते, मागे तिचाच खड्डा पडतो. नाण्याला दोन्ही बाजूंना वेगळी चित्रं असतात. शेजारी ठेवून बघा.”

जमादारांनी शिपायाला देवळातल्या गुरवाकडे पाठवलं. अर्ध्या तासाने गुरव स्वतःच आला. हातात लाल फडक्याची पुरचुंडी.

“एकच पायजे का समदं?” त्याने विचारलं. “तात्यांच्याच घरचं हायत.”

त्याने पुरचुंडी टेबलावर सोडली.

“म्हातारी वडगावला जाताना देऊन गेली. सुतक फिटंस्तवर पूजा मी करतोय.”

“मला सांगायचं न्हाईस व्हय रं?” तात्या उसळले.

“तुमी इचारलं कुठं?”

जमादारांनी एक टाक उचलला, पालथा केला. मागे खड्डा. मग नाणं पालथं केलं. वेदी. दोन्ही शेजारी ठेवली आणि तात्यांचा अर्ज त्यांच्यासमोर सरकवला. तात्यांनी तो घडी करून खिशात घातला. मिलिंदकडे न बघता म्हणाले, “चुकलं.”

आबा इतका वेळ दाराशी उभेच होते. ते आता पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. ते शिपायाआधी गुरवानेच आणलं.

जमिनीत सापडलेली जुनी नाणी सरकारला कळवावी लागतात. तिथेच मी मिलिंदकडून तसा अर्ज लिहून घेतला. तहसील कचेरीत नाणी जमा केली, पोच घेतली. त्याआधी चारही नाण्यांचे लाखेवर ठसे घेतले. माझ्या संग्रहात ते सगळ्यात वर आहेत. सोमवारी मिलिंद कामावर हजर झाला.

विद्यार्थ्यांना मी नाणं ओळखायची पहिली पायरी अजून तीच शिकवतो: उलटं करून बघा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी घरच्या म्हातारीला विचारा.