मामाची शीग

उभ्या वर्धा जिल्ह्यात रिकामी जागा बघून ज्याला चैन पडू नये असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा मामा निघाला. सिंदी रेल्वेला त्याचं धान्याचं दुकान. पायलीनं गहू मोजताना वर शीग चढून दाणे काठावरून सांडायला लागल्याशिवाय तो माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतायचाच नाही. घरी चहा बशीत सांडे, पाहुण्याच्या पानातला भात शेजारच्याच्या पानात जाई. "रिकामं भांडं म्हंजे खोटं माप," असं म्हणायचा.

अशा माणसानं बिअरच्या नादी लागावं? तेही दारूबंदीच्या जिल्ह्यात! नव्वदीच्या शेवटी साडूच्या मुलानं परदेशातून यीस्टची पाकिटं आणली आणि मामानं दुकानातल्याच जवाला मोड आणून घरात कारखाना काढला. फेस वर येतो, भांडं मोठं घ्या आणि वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा, असं पोरगं बजावून गेलं होतं. मामानं बरणी घेतली, गळ्यापर्यंत भरली, उतू गेली. "भांडं लहान पडलं," म्हणाला. मग त्याहून मोठा, पातेल्यासारखा गंज घेतला, तोही गळ्यापर्यंत. मामी कपाळाला हात लावून म्हणे, "हा माणूस पुरा बह्याड झाला वं माय!" वास गल्लीत गेला की आम्ही भाचरं इडलीचं पीठ आंबलंय म्हणून सांगत फिरायचो. सिंदीत तेव्हा इडली करत होतं कोण! लाजेनं मान वर करायची सोय नव्हती.

शेवटी त्यानं ताईच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या लेकीच्या, लग्नात द्यायला घेतलेला पाण्याचा मोठा स्टीलचा गुंड काढला. आणि भरला, अर्थातच, शिगोशीग. दुसऱ्याच दिवशी वडनेरचे पाहुणे तिला बघायला आले. मुलगा ताईच्या मनात भरला होता. पोहे फिरत असताना मधल्या खोलीतून फेस आला, सतरंजीवरून सरकत मुलाच्या वडिलांच्या मोज्यांत शिरला.

"हे काय होय जी?"

आम्ही इडलीचं पीठ म्हणणार, तेवढ्यात मामा खाली बघत म्हणाला, "बिअर होय जी. घरची."

पाहुणे पोहे टाकून उठले. ताई पदर खोचून सतरंजी पिळत बसली. मामा लाजेनं मेला. उरलेली पाकिटं त्यानं उकिरड्यात पुरली आणि दुकानात हाताच्या तळव्यानं शीग सपाट करून माप द्यायला लागला. गिऱ्हाइकं विचारायची, "काऊन जी, तब्येत बरी नाई का?"

पुढं ताईचं लग्न जाम गावी जमलं. पाठवणीच्या वेळी मामानं तोच गुंड घासूनपुसून, गहू घालून तिच्यापुढं ठेवला. वर चांगली वीतभर जागा रिकामी.

"हे काऊन, बाबा?"

"राहू दे वं बाई. मी भरलं की सांडते."

ताईनं शालू सावरला, शेजारच्या पोत्यात हात घातला आणि ओंजळीमागून ओंजळ टाकत गेली, पार शीग चढेस्तोवर. "माह्या बापाचं माप असंच राहते," म्हणाली.

गुंड उचलला तसा गहू गाडीपर्यंत सांडत गेला. मामा मागून वाकून एकेक दाणा वेचत होता, आणि डोळे पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.