धाकट्या जावेची निवडणूक

हैदराबादजवळच्या कुकटपल्लीतला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा मला वाटलं, आता मलाच विचारतील. मी बी.ए., शाळेत शिकवणारी, तेलुगू आणि उर्दू दोन्ही नीट बोलणारी. पक्षाची माणसं घरी आली, चहा मीच दिला; आणि तिकीट त्यांनी दिलं माझ्या धाकट्या जावेला. नांदेडकडच्या खेड्यातून आलेली, सातवी पास.

"मोहल्ल्यात सगळे ह्यांनाच ओळखतात," ते म्हणाले. मी तर तिच्या आधी आठ वर्षं इथे राहत होते!

तरी तिचं भाषण मीच लिहिलं. रोज पाणी, बंद कारखाने पुन्हा सुरू. त्या काळात एकीकडे घराघरावर केबलच्या तारा येत होत्या आणि दुसरीकडे कारखान्यांतली माणसं कामावरून घरी बसत होती. तिने कागद वाचून घडी घातली. "अक्का, कारखाना मी कशी उघडणार? लोक तोंडावर हसतील."

दारोदार मी तिच्यासोबत हिंडले. "रोज पानी आता बोलके नइ बोलती मैं," रोज पाणी येईल असं वचन न देता ती मोडक्या दखनीत सांगायची. "नइ आया तो तुम्हारे साथ ऑफिस को आतूं." बुरख्यातल्या म्हाताऱ्या तिची हनुवटी धरायच्या. तेलुगू बायका कुंकू लावायच्या. नोकरी गेलेले पुरुष ओट्यावरून उठून उभे राहायचे. एका दारात मी तिचं वाक्य सुधारलं, तर माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी शिक्का उचलला आणि तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईच्या चिन्हावर मारला.

ती निवडून आली. गळ्यातला एक हार काढून तिने माझ्या गळ्यात घातला. "अक्का होत्या म्हणून," सगळ्यांना सांगत सुटली. तो हार मला टोचत राहिला. आठवडाभराने, दोघी मेथी निवडत बसलो असताना, मी बोलून टाकलं, "मी तुला मत दिलं नव्हतं."

तिचा हात थांबला. "का?"

"तू मला बघवत नव्हतीस."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "वाईट वाटलं, अक्का. लई वाईट वाटलं." आणि खाली मान घालून पुन्हा मेथी निवडू लागली.

भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मनातलं जसंच्या तसं बोलून मोकळं होणं तिला जमत होतं, मला त्यासाठी आठ दिवस लागले होते. तिच्या शेजारी बसून मला त्याचाही हेवा वाटत होता.