मूर्तींनी पाठ का फिरवली?

मित्रांनो, मी आठवीत शाळा सोडली, आता मस्कतला कामाला. पेणला आमचा गणपतीचा कारखाना.

आज जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. कॉलेजात तिला एक अजब गोष्ट अभ्यासाला आहे. त्यात रोज सकाळी मूर्ती मूर्तिकाराकडे पाठ करून बसलेल्या असतात. "दादा, हे कशाचं प्रतीक?"

मी हसलो. "त्याला दिसत नसेल गो! डोळे वाकडे आखत असेल, म्हणून बिचाऱ्या तोंड लपवतात."

ती मग म्हणाली, "बाबांना दिसत नाय रे. यंदा डोळे मीच आखते. तुला सांगू नको म्हणाले."

परवाच यंदाच्या मूर्तींचे फोटो बघून मी बाबांना म्हटलं होतं, "तुमचा हात अजून पक्का हाय!"

ते नुसतं "व्हय" म्हणाले.

लांब राहणाऱ्यांनो, घरचं खरं तुम्हाला कोण सांगतं?