लॉन्ड्रीवाल्या काकांचा योगायोग

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लॉन्ड्री चालवतात आणि जमेल तशा कथा लिहितात. त्यांना विचाराल तर उलट सांगतील. एक संग्रह निघाला, तेव्हापासून तर स्वारी जमिनीवर यायलाच तयार नव्हती.

लॉन्ड्रीत कपडा आला की धुण्याआधी त्याचे खिसे तपासतात. जे सापडेल ते पाकिटात घालून त्याच कपड्याबरोबर परत द्यायचं. काकांची लिहिण्याची रीत यातूनच निघाली. खिशात काही विचित्र सापडलं की त्यावर कथा. शिंपल्याचं बटण, गंजलेली किल्ली, फाटलेलं तिकीट. स्वतःहून विषय शोधायचा नाही, हा त्यांचा नेम. "लेखक काय करतो? वाट बघतो. देणारा योगायोग," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. माणसं बिचारी शर्ट न्यायला आलेली, मान डोलवून सटकत.

यंदा मावशीचं मनगट मोडलं. खिसे तपासायचं काम तिचं होतं, ते काकांवर आलं. आणि खिशांत काही सापडेचना! रुमाल, चिल्लर, फार तर गोळीचा कागद. दुसऱ्या संग्रहातली शेवटची कथा अडली. प्रकाशकाचे फोन सुरू झाले. काका घरभर धुसफुसत फिरायचे. "संपलं माझं लिहिणं. नशीबच रुसलं," म्हणून जेवता जेवता उठायचे. एरवी त्यांचं सगळंच नाटक, पण या वेळी माणूस खरोखर घाबरला होता.

त्या रविवारी मी मावशीला भेटायला गेले होते. काकांनी ताट सरकवलं आणि मावशीचा संयम सुटला.

"कसलं डोंबलाचं नशीब! त्या वस्तू मी ठेवायचे."

"कुठे?"

"खिशांत. जुन्या बाजारातून आणायचे. तुमचं बघून झालं की कपडा देताना पाकिटातून काढून घ्यायचे. किल्ली तर आपल्याच मोडक्या कपाटाची होती. ओळखलीसुद्धा नाहीत!"

मला हसू फुटलं, पण काकांचा चेहरा बघून ते गिळलं.

"म्हणजे मी लेखक नाहीच," ते म्हणाले. "सगळं तुझंच."

"माझं काय त्यात? मी बटण ठेवलं, तुम्ही विहिरीत पडलेला पोरगा लिहिलात. किल्ली ठेवली, तर घरी न परतलेला पोरगा. तिकीट ठेवलं, तर फलाटावर हरवलेला पोरगा. वस्तू बदलून बदलून मी दमले हो. दर वेळी आपला तुमचा भाऊच."

काकांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडाला, एवढंच आम्हाला माहीत. घरात तो विषय कोणी काढत नाही. काकांनी तर कधीच नाही. इतक्या कथा लिहून या माणसाच्या हे लक्षातच आलं नव्हतं, याचा मला आधी राग आला, मग फार वाईट वाटलं.

"मनगट बरं झालं की परत ठेवू का काहीतरी?" मावशीने हळूच विचारलं.

"नको," काका म्हणाले. उष्टा हात धुऊन ते टेबलापाशी जाऊन बसले. मी चहा द्यायला गेले तेव्हा कागदावर एकच ओळ होती, आणि ती त्यांनी माझ्यापासून झाकली नाही.

'धाकटा पाण्यात उतरला, तेव्हा त्याचे कपडे मी हातात धरून उभा होतो.'